शंभरात अकरा पेशी

वैजयंतीने उभ्या आयुष्यात खोटी सही केली नव्हती, की प्रयोगशाळेतली एक परीक्षानळीसुद्धा न सांगता घरी नेली नव्हती. त्यामुळे पंचावन्नाव्या वर्षी तिच्या हातून जे झालं, त्याला काय नाव द्यायचं हे तिला बरेच दिवस कळलं नाही. चोरी म्हणावी तर काही घेतलं नव्हतं. खोटं म्हणावं तर ती कुणाशी खोटं बोलली नव्हती. तिने फक्त पेशी मोजल्या होत्या.

तिचे वडील बाबुराव बुलढाण्याकडचे. नेपानगरच्या पेपर मिलमध्ये लागले आणि तिकडचेच झाले. वैजयंती मिलच्या कॉलनीत वाढली, शाळेत हुशार निघाली, बुऱ्हाणपूरला येऊन बीएस्सी झाली. एमएस्सीसाठी इंदूरला जायचं ठरलं होतं. त्याच वर्षी आई, पार्वतीबाई, संधिवाताने अंथरुणाला खिळली. घरात वैजयंतीच मोठी. तेवढ्यात बुऱ्हाणपूरच्याच एका कॉलेजात वनस्पतीशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायकाची जागा निघाली आणि तिने ती धरली. दोन वर्षांनी एमएस्सी करू म्हणाली. मग तिथल्याच बुधवारा मोहल्ल्यातल्या गिरधरशी लग्न झालं. त्याचं साड्यांचं छोटं दुकान होतं. पुढे मुलं, त्यांच्या शाळा. ती दोन वर्षं काही आली नाहीत.

प्रयोगशाळेत तिच्या हाताला तोड नव्हती. मुळाचं टोक कापून, रंगवून, काचेवर अंगठ्याने असं दाबायची की पेशींचा एक पातळ थर पसरायचा, एकही दुसरीवर चढायची नाही. पण तिला सगळे ‘वैजू’ म्हणत. तिच्या हाताखालून शिकून गेलेली मुलं प्राध्यापक होऊन परत आली, तीही वैजूच म्हणू लागली. तिने ते कधी मनाला लावून घेतलं नाही, असं ती सांगायची.

मग सुलभा मॅडम आल्या. पस्तिशीच्या, नागपूरच्या, कामाच्या पिसाट. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला “वैजयंतीताई” म्हटलं आणि खुर्ची पुढे केली. त्यांना एक प्रयोग करायचा होता. पृथ्वीला स्वतःचं चुंबकत्व असतं, फार कमजोर. घरातल्या तारांभोवती, विजेच्या लाइनींखालीही असंच कमजोर चुंबकत्व असतं. फ्रिजच्या दाराला चिकटणारा साधा चुंबक त्याच्या शेकडो पट जोरदार. पण इतक्या कमजोर चुंबकत्वाचाही जिवंत पेशींवर परिणाम होतो का, यावर जगभर वाद चालू होता. कुणाला फरक दिसायचा, कुणाला नाही. सुलभा मॅडमना ते कांद्याच्या मुळांवर बघायचं होतं. मुळाच्या टोकाला पेशी सतत दुभंगत असतात, एकीच्या दोन होत असतात. चुंबकत्वात ठेवलेल्या मुळांत त्यांचं प्रमाण वाढतं का, एवढाच प्रश्न.

दोन सारखे लाकडी डबे करून घेतले. दोन्हींत तांब्याच्या तारेची वेटोळी, दोन्हींत वीज सारखीच. एका डब्यात वीज अशी फिरायची की चुंबकत्व तयार व्हायचं. दुसऱ्यात निम्मी तार उलट्या दिशेने जोडलेली, म्हणून चुंबकत्व जागच्या जागी मिटायचं. ऊब मात्र दोन्हीकडे सारखी राहायची, म्हणजे उबेने काही झालं असं कुणी म्हणायला नको. डब्यांवर खुणा होत्या, एकावर त्रिकोण, एकावर गोल. कोणता डबा खरा, ते मागच्या बटणावरून ठरायचं. ते बटण सुलभा मॅडम दर फेरीला स्वतः लावायच्या, वर कागद चिकटवून सही करायच्या. मोजणाऱ्याला हे कळता कामा नये, असं त्यांनी वैजयंतीला नीट बसवून समजावलं होतं. मोजणारी वैजयंतीच होती.

“या प्रयोगाचा पेपर छापून येईल तेव्हा त्यावर तुमचं नाव असेल,” त्या म्हणाल्या. “माझ्या नावाच्या शेजारी.”

त्या दिवशी वैजयंती दुकानावरून न जाता सरळ घरी गेली. रात्री दुकान बंद करून आलेल्या गिरधरने तोंड बघून विचारलं की काय झालं, तर तिने मॅडमचं ते वाक्य त्याला दोनदा सांगितलं.

पहिल्या फेरीत काही निघालं नाही. त्रिकोणात शंभरात आठ पेशी दुभंगत होत्या, गोलातही आठ. दुसऱ्या फेरीतही तेच. त्या दिवशी सुलभा मॅडम जेवणाचा डबा न उघडताच घरी गेल्या. या कामासाठी त्यांनी विभागप्रमुखांशी भांडून खोली मिळवली होती आणि कॉरिडॉरमध्ये त्यांच्या मागे लोक हसत, ते वैजयंतीच्या कानावर येत होतं.

तिसऱ्या फेरीला कांदे मांडताना वैजयंतीने मोबाईल डब्यात ठेवला. त्यात होकायंत्र होतं. तिच्या मुलाने दाखवलं होतं, सहज गंमत म्हणून. वीज चालू केल्यावर गोलाच्या डब्यात काटा जागचा हलला नाही. त्रिकोणात तो झपकन वळला आणि तिथेच थरथरत राहिला. तिने मोबाईल उचलून पर्समध्ये टाकला. नुसती उत्सुकता, ती स्वतःला म्हणाली. मोजायचं तर मी तशीच मोजणार.

आणि ती तशीच मोजायला बसली. सकाळचा उजेड, हातात टिकटिक करणारं मोजयंत्र, डोळा भिंगाला. पूर्ण दुभंगलेली पेशी ओळखायला सोपी असते, त्यात दोन मतं होत नाहीत. अडतं ते सुरुवातीच्या पेशींवर. केंद्रकात धागे दिसायला लागलेत असं वाटतं आणि नाहीही वाटत. अशा धूसर पेशी प्रत्येक स्लाइडवर असतात. तिथे मोजणाऱ्याने ठरवायचं. त्रिकोणाच्या स्लाइडवर अशी पेशी आली की वैजयंती जरा थांबायची, भिंग हलवायची, धागे दिसेपर्यंत बघायची. गोलाच्या स्लाइडवर आली की पुढे जायची.

शंभरात अकरा आणि शंभरात आठ.

मॅडमनी आकडे पाहिले तेव्हा त्या खुर्चीवरून उठून खिडकीपाशी गेल्या आणि बराच वेळ पाठ करून उभ्या राहिल्या. मग वळून त्यांनी वैजयंतीचे दोन्ही हात धरले. पुढच्या तीन फेऱ्यांतही तसंच निघालं. त्या प्रत्येक फेरीला वैजयंतीने मोबाईल डब्यात ठेवून बघितलं होतं. न बघता मोजणं तिला आता जमत नव्हतं, कसल्याशा भीतीने, जिला नाव द्यायला ती तयार नव्हती. पहिल्या दोन फेऱ्या सुलभा मॅडमनी लेखातून काढून टाकल्या. तेव्हा हात बसला नव्हता, त्या म्हणाल्या. वैजयंतीने मान हलवली.

पेपर छापून आला. वैजयंती तो घेऊन नेपानगरला गेली. बाबुरावांना इंग्रजी फारसं येत नव्हतं. त्यांनी तिचं नाव कुठे आहे ते विचारलं, तिथे बोट ठेवलं आणि ते तसंच ठेवून चहा थंड होईपर्यंत बसले. पुढे ते गेले तेव्हा तो कागद त्यांच्या उशीखालच्या पिशवीत निघाला, रेशनकार्ड आणि मिलच्या ओळखपत्रासोबत. बापाला आपण काय दाखवलं होतं, हे वैजयंतीला तिथे, त्या पिशवीसमोर पहिल्यांदा नीट दिसलं. भाऊबंद बसले होते, कुणीतरी रडत होतं, ती मात्र रडू शकली नाही.

तोवर रश्मी येऊन वर्ष झालं होतं.

रश्मी नेपानगरकडच्या चांदनी गावची. वडील उखर्डू केळीचे बागाईतदार, थोडा कापूस. घरात पदवी घेतलेली ती पहिलीच. सुलभा मॅडमकडे पीएचडीला आली ती हाच पेपर वाचून. तिला हे काम केळीच्या पेशींवर न्यायचं होतं. पण आधी कांद्यावरचा निकाल स्वतः काढून बघणं भाग होतं. सकाळच्या पॅसेंजरने यायची, संध्याकाळच्या गाडीने जायची. मधे गाडी चुकली तर वैजयंतीच्या घरी राहायची, गिरधरला काका म्हणायची.

तिच्या हाती आठच्या पुढे काही येईना. त्रिकोणात आठ, गोलात आठ. कधी साडेआठ, कधी पावणेआठ. पहिलं वर्ष गेलं. मॅडमनी तारा तपासल्या, वीज तपासली, कांद्याची जात बदलली. दुसऱ्या वर्षी त्यांचा धीर सुटत चालला. एकदा सगळ्यांसमोर त्या रश्मीला म्हणाल्या की वैजयंतीताईंनी पंचावन्नाव्या वर्षी जे करून दाखवलं ते तुला पंचविसाव्या वर्षी जमत नाही, आधी त्यांच्या शेजारी बसून हात शीक.

रश्मी खरंच तिच्या शेजारी येऊन बसली. वैजयंतीने तिला शिकवलं. टोक किती कापायचं, आम्लात किती वेळ ठेवायचं, अंगठा कसा दाबायचा. पोरीचा हात दोन आठवड्यांतच तिच्याइतका चांगला झाला, खरं तर आधीपासूनच चांगला होता. “ताई, ही पेशी धरायची का?” रश्मी विचारायची. वैजयंती भिंगात बघायची. धूसर पेशी असायची. तिला म्हणायचं असायचं की बाई, इथेच तर सगळं आहे. तोंडातून यायचं, “तुला काय वाटतं ते लिही.”

सांगायचं तिने अनेकदा ठरवलं. प्रत्येक वेळी काहीतरी आड आलं, किंवा तिने आणलं. सुलभा मॅडमची बढती व्हायची होती, ती होऊ दे. रश्मीची परीक्षा होती, ती संपू दे. शिवाय आपण नक्की काय केलं? एक तरी आकडा खोटा लिहिला का? नाही. मग कदाचित परिणाम खराच असेल आणि रश्मीलाच काही जमत नसेल. असं ती स्वयंपाक करताना मनाशी मांडायची आणि फोडणी जळायची. एके दुपारी तिने जुनी वही काढली. पहिल्या दोन फेऱ्यांत काही नव्हतं. मोबाईल डब्यात ठेवला त्या फेरीपासून फरक सुरू झाला. तारखा तिच्याच अक्षरात होत्या. तिने वही मिटली आणि पुन्हा कपाटात ठेवली. त्यानंतर आणखी आठ महिने ती गप्प राहिली. पुढे तिला सर्वांत जास्त बोचले ते हे आठ महिने. आधी कळत नव्हतं असं तरी म्हणता येत होतं.

तिसरं वर्ष संपता संपता रश्मीची शिष्यवृत्ती बंद व्हायची वेळ आली. उखर्डूभाऊ एकदा स्वतः कॉलेजात आले. भांडायला नाही. प्रयोगशाळेच्या दारात चपला काढून उभे राहिले. वैजयंतीने खुर्ची दिली तर बसले नाहीत. पोरीचे तीन वर्षं गेले, ती रात्री जेवत नाही, आपल्याच हाताला शिव्या देते, असं त्यांनी सांगितलं. मग विचारलं, “बाई, तुम्ही तं तिच्या गुरू. खरं सांगा, तिच्या हातात नाही का ते?”

 बघते, भाऊ, एवढंच वैजयंती म्हणाली. ते चपला घालून निघून गेले.

दोन दिवसांनी रश्मीने सांगितलं की ती सोडतेय. घरात स्थळ बघत होते, तीही आता नाही म्हणणार नव्हती. वैजयंतीने पर्स उचलली आणि चल म्हणाली. दोघी चालत राजघाटावर गेल्या. दुपार उतरली होती. तापीत म्हशी बसल्या होत्या, पलीकडे कुणी कपडे आपटत होतं. पायरीवर बसल्यावर वैजयंतीने सगळं सांगितलं. मोबाईल, काटा, धूसर पेशी, वहीतल्या तारखा. सगळ्यांत शेवटी ते आठ महिने. सांगताना ती नदीकडे बघत होती. रश्मीकडे बघण्याचं धाडस झालं नाही.

 रश्मीने विचारलं, “दर फेरीला बघायच्या?”

“तिसऱ्या फेरीपासून, दर फेरीला.”

“और मुझे सिखाते टाइम भी पता था?”

“हो.”

रश्मीने ओढणीने तोंड पुसलं. ती रागावेल, ओरडेल, उठून जाईल, असं वैजयंतीला वाटलं होतं. तिने त्याची तयारीही केली होती. पण रश्मीच्या डोळ्यांत पाणी आलं ते वेगळंच होतं. “मला वाटायचं माझ्या हातातच खोट आहे,” ती म्हणाली. “घरी आईसमोर भाजी पण चिरत नव्हते मी कधी, की हात थरथरतो का बघेल.” आणि मग तिने जुन्या स्लाइडी कुठे आहेत ते विचारलं.

स्लाइडी होत्या. वैजयंती काही फेकत नसे. सहाही फेऱ्यांच्या, लाकडी खोक्यांत, ओळीने. दुसऱ्या दिवशी ती खोकी काढायला वाकली तेव्हा रश्मी हळूच म्हणाली, “ताई, तुम्ही हात लावू नका.” बोलण्यात धार नव्हती. प्रयोगाचा नियमच तो होता. तरी वैजयंती पार दारापर्यंत मागे झाली. सदतीस वर्षांत त्या खोलीतल्या कुठल्याही वस्तूला हात लावू नको असं तिला कुणी म्हणालं नव्हतं.

ग्रंथालयातल्या मोतीलालने स्लाइडींवरच्या खुणा कागदाने झाकल्या, मनाला येतील तसे आकडे घातले आणि त्याची यादी आपल्याकडे ठेवली. रश्मी सोळा दिवस मोजत होती. वैजयंती त्या दिवसांत पहिल्या वर्षाच्या मुलांची प्रात्यक्षिकं घेत होती आणि मधल्या दारातून टिकटिक ऐकत होती. सतराव्या दिवशी यादी जुळवली. चुंबकत्वातल्या मुळांत शंभरात साडेआठ पेशी, दुसऱ्यांत आठ आणि थोड्या वर. दोन्हींत फरक म्हणावा असं काही उरलं नव्हतं.

सुलभा मॅडमना सांगायला वैजयंती एकटी गेली. रश्मी येते म्हणाली होती, तिने नको म्हटलं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.  मुद्दाम केलंत का, त्यांनी विचारलं. वैजयंती म्हणाली की मुद्दाम नाही, पण कोणता डबा खरा ते मला माहीत होतं, आणि तुमचं काम व्हावं असं मला फार वाटत होतं. माझं नाव यावं असंही वाटत होतं. हे शेवटचं वाक्य तिने घरून पाठ करून नेलं होतं, कारण ते गाळायचा मोह होईल हे तिला माहीत होतं.

मॅडम टेबलावरच्या पेनाशी चाळा करत राहिल्या. “पहिल्या दोन फेऱ्या मी काढल्या,” त्या शेवटी म्हणाल्या. “तुम्ही नाही.”  वैजयंती उभीच होती, मग ती बाहेर आली.

महिनाभरात मॅडमनी त्या नियतकालिकाला पत्र लिहिलं आणि पेपर मागे घेतला. त्यात पहिल्या दोन फेऱ्यांचं आणि मोबाईलचं, दोन्हींचं लिहिलं. मसुदा वैजयंतीला दाखवला, तिने वाचून खाली सही केली. कॉलेजात कुजबुज झाली. प्राचार्यांनी दोघींना बोलावून वेगवेगळी समज दिली. मॅडम नंतर तिला कामापुरतं बोलायच्या, अजूनही वैजयंतीताईच म्हणायच्या, पण खुर्ची पुढे करणं थांबलं. वैजयंतीला ते योग्यच वाटलं. गिरधर म्हणाला की एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला गावभर करायचं होतं, आणि त्या दिवशी ती पहिल्यांदा त्याच्यावर चिडली.

रश्मीची तीन वर्षं वाया गेली नाहीत, असं लोक म्हणाले. तिच्या हजारो पेशींच्या नोंदी होत्या, दोन्ही डब्यांतल्या, आणि त्या सगळ्या एकच गोष्ट सांगत होत्या: इतक्या कमजोर चुंबकत्वात कांद्याच्या मुळात तरी तिला काही फरक दिसला नाही. तिने प्रबंध त्यावरच लिहिला. इतर पेशींचं तिला माहीत नाही, असंही त्यात लिहिलं. जुन्या स्लाइडी परत मोजल्या त्याचं एक प्रकरण आहे. उखर्डूभाऊंनी आणखी एक वर्ष दिलं आणि स्थळांना थांबायला सांगितलं. केळीच्या पेशींचं काम मात्र राहून गेलं, ज्यासाठी ती आली होती ते. आता ती जळगावकडच्या एका रोपवाटिकेच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे आणि पगार बरा आहे म्हणते.

वैजयंती यंदा निवृत्त झाली. निरोपाला रश्मी आली होती, केळ्यांची फणी घेऊन. सगळे गेल्यावर दोघी प्रयोगशाळेत बसल्या होत्या. वैजयंतीने दोन वर्षं मनात धरलेला प्रश्न विचारला की तू मला माफ केलंस का.

रश्मीने खोटं बोलायचं टाळलं, हे वैजयंतीला लगेच कळलं, कारण ती विचार करायला थांबली. “पूरा नहीं, ताई,” ती म्हणाली. “राग नाही. पण ते आठ महिने आठवतात.”

वैजयंतीने मान हलवली. मलाही, ती म्हणाली. मग रश्मीच्या गाडीची वेळ झाली, आणि स्टेशनपर्यंत रिक्षाने दोघी बरोबर गेल्या.